गरम फरशीची खोली

दारव्ह्यात कुणाचा फ्रिज बंद पडला की लोक कपिलला फोन लावतात. तो लगेच उचलत नाही, दोन तासांत येतो म्हणतो आणि चार तासांनी येतो, पण येतो. उंच, किडकिडीत, चाळिशी नुकतीच ओलांडलेला माणूस. खिशात टेस्टर, कमरेला चाव्यांचा जुडगा. आइस्क्रीमवाल्यांचे डीप फ्रीजर, डेअरीच्या टाक्या, उन्हाळ्यात कूलर नि एसी, सगळं त्याच्याच हाताखालून जातं. त्याला एक खोड होती. काम झालं की तो गिऱ्हाइकाला समोर बसवून काय बिघडलं होतं ते समजावून सांगायचा. कॉम्प्रेसर काय करतो, गॅस कुठून कुठे जातो, गारवा म्हणजे मुळात काय. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, बाप्ये घड्याळ बघायचे, हा मात्र बोलणं पुरं केल्याशिवाय उठायचा नाही.

माझं आर्णी रोडला हार्डवेअरचं दुकान आहे. पंचावन्न वर्षांचा झालो, डोक्यावर काळा केस उरला नाही, तरी गाव मला बबलूच म्हणतं. कपिल बबलूभाऊ म्हणतो, तेवढीच काय ती इज्जत. मी तापट माणूस. मापावरून, मालावरून, दुकानापुढे गाडी लावण्यावरून रोज कुणाशी ना कुणाशी माझं वाजतं. कपिलशी भांडता येत नाही. आपण चिडलो की तो पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगतो.

त्याच्या नव्या घराबद्दल गावात आता वाट्टेल ते बोलतात. कुणी म्हणतं जागाच वाईट होती, कुणी म्हणतं जमिनीखाली पाइप घातले तिथेच चुकलं. ज्यांनी ते घर आतून पाहिलंही नाही त्यांची तोंडं जास्त चालतात. म्हणून मी हे सांगतोय. मला सांगायचा मोठा हक्क आहे असं नाही, पण या सगळ्यात एक वाक्य माझं आहे, आणि ते दुसरं कुणी सांगणार नाही.

कपिलची एकुलती एक मुलगी समीक्षा. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार नवीन नाही, दर दोन-चार गल्ल्यांत एखादं पोर निघतंच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात आणि मग हाडं दुखतात. मी तिला एकदा त्या दुखण्यात पाहिलं होतं. आठ वर्षांची पोर उशी दातात धरून पडली होती, कारण ओरडलं की आजी रडते हे तिला कळत होतं. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात थोडा थोडा दोष असला तर असं पोर जन्माला येऊ शकतं. लग्नाआधी गावात रक्त तपासायचं शिबिर लागलं होतं. कपिलचे मित्र जाऊन आले, हा गेला नाही. त्या दिवशी कुणाचा तरी कूलर उघडून बसला होता. पत्रिका तेवढी पाहिली होती आणि ती झकास जुळली होती. समीक्षा दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. तेव्हापासून हा माणूस स्वतःवर रागावलेला आहे. मोठ्यानं कधी बोलला नाही, पण मला ते दिसायचं.

या आजाराला थंडी सोसत नाही. आमचा यवतमाळ जिल्हा म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, आणि ते खरंही आहे. मे महिन्यात आमच्याकडे नळाचं पाणी हात भाजतं. पण डिसेंबर-जानेवारीत उघड्या माळावरून वारा सुटला की पहाटे पारा आठ-नऊवर येतो, आणि टिनाचं छत असलेल्या घरात तो गारवा तसाच्या तसा खाली उतरतो. कपिलचं भाड्याचं घर टिनाचं होतं. भिंती आणि टिनाच्या मधल्या फटीत त्यानं पोती कोंबली होती. शेगडी पेटवली तर धुरानं पोरीची छाती भरायची. कॉइलचा हीटर लावला तर त्या घराची वायर तापून जळका वास यायचा. त्याची बायको उज्ज्वला शिवणकाम करायची. तिनं फ्लॅनेलचे आतून घालायचे कपडे शिवले, दोन-दोन मोजे चढवले, तरी दर हिवाळ्यात पोरीला दोनदा-तीनदा यवतमाळच्या दवाखान्यात न्यावंच लागे. "काका, लोकाईले हिवाळ्यात हुर्डा भेटते, मले सलाईन भेटते," असं ती मला म्हणायची. जीभ फार तिखट होती पोरीची.

लहानपणी तिला एक सवय लागली होती. बाप कुणाचा फ्रिज दुरुस्त करून चालू करायचा, की ही त्याच्या मागे जाऊन हात टेकवून उभी राहायची. फ्रिजची पाठ गरम असते ना. तिथून कपिलच्या डोक्यात ते सुरू झालं.

बसस्टँडच्या पलीकडच्या लेआउटमध्ये त्याचा एक लहानसा प्लॉट होता. तिथे घर बांधायचं ठरवून तो माझ्याकडे यादी घेऊन आला. हार्डवेअरच्या दुकानात बसलं की माणसं कळतात. आमच्याकडे माणूस घर बांधतो म्हणजे आधी दर्शनी बाजू बांधतो. ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत रेलिंग, नक्षीचं गेट, आणि आत संडासाला दरवाजा नसला तरी चालतं. कपिलच्या यादीत गेट नव्हतं. रेलिंग नव्हतं, पीओपी नव्हतं, बाहेरून प्लास्टरसुद्धा नव्हतं. बजेट बेताचं होतं, तर त्यानं सरळ घराचा चेहराच कापून टाकला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. जे काय करायचं ते दहा बाय बाराच्या आतल्या एका खोलीत.

"हे एवढा लांब पाइप कायले पायजे तुले?" मी विचारलं. "ऊस लावतो का घरात?"

"फरशीखाली टाकतो, भाऊ."

"अन् त्यात काय सोडतो?"

"गरम पाणी."

मग त्यानं स्टूल ओढलं आणि मला समजावायला बसला. बाहेरची हवा नऊ डिग्री असली तरी तिच्यात गरमी असतेच, आपल्याला जाणवत नाही इतकंच. मशीन ती गरमी गोळा करतं आणि पाण्यात सोडतं. फ्रिज आतली गरमी काढून बाहेर फेकतो, तसंच हे, फक्त बाहेरची आत आणायची. बर्फाळ देशांत लोक असंच घर गरम ठेवतात, त्याला हीट पंप म्हणतात, त्यानं मोबाइलवर शंभर वेळा पाहिलं होतं. गरम हवा फेकणारा एसी लावला असता तर सोपं झालं असतं, पण कोरड्या हवेनं पोरीचं अंग सुकतं आणि मग दुखणं वाढतं. म्हणून फरशी.

"म्हणजे तू घर नाही, डीप फ्रीजर बांधून राह्यला," मी म्हटलं.

"हाव, भाऊ. फक्त उलटा."

मी हसलो. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. तोही हसला, आणि पाइपाचं बंडल खांद्यावर टाकून गेला.

त्याचं काम पाहायला मी अधूनमधून जायचो. एका लग्नाच्या हॉलमधून भंगारात निघालेला एसी त्यानं आणला होता, त्याचा कॉम्प्रेसर काढून मशीन स्वतःच जुळवलं. फ्रिजच्या खोक्यांतून निघणारं थर्माकोल त्यानं सहा वर्षं साठवलं होतं. घरमालक त्यावरून कुरकुर करायचा, आता ते सगळं स्लॅबखाली, भिंतींच्या पोटात आणि फरशीच्या तळाशी गेलं. दरवाजाला डीप फ्रीजरसारखी रबराची पट्टी बसवली. कपिलची आई इंदूबाई रोज खुर्ची टाकून बसायची आणि नळी धरून भिंतींवर पाणी मारायची. सत्तरी पार केलेली बाई, पण मिस्त्री दहा मिनिटं तंबाखू चोळत बसला की तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. मिस्त्री होता जवळच्या तांड्यातला सेवादास. तो मला हळूच म्हणाला, "बबलूशेठ, तीस वरस झाले घरं बांधून राह्यलो. पयल्यांदा असं घर पायलं, का ज्याले बाहेरून काईच नाई."

समीक्षा शाळेतून परस्पर तिकडे यायची. नववीत होती. "काका, पप्पा मले भाजीसारखं ठेवणार हायेत," ती म्हणायची. "चार दिवस ताजी राहीन." मग बापाकडे बघून म्हणायची, "पण पप्पा, माह्या खोलीत लाइट फ्रिजसारखा नको. दरवाजा लावला का बंद, असा."

तुळशीचं लग्न झाल्यावर मार्गशीर्षात वास्तू करायची, डिसेंबरचा पहिला आठवडा, गुरुजींना सांगून ठेवलेलं. थंडी पडायच्या आत पोरगी त्या खोलीत गेली पाहिजे, एवढा एकच हिशेब कपिलच्या डोक्यात होता. सगळं वेळेवर चाललं होतं. फरशीच्या पाइपात पाणी भरून त्यानं दाब लावला आणि घड्याळासारखा काटा असलेला मीटर बसवून ठेवला. सकाळी येऊन पाहिलं तर काटा एका रेघेनं खाली होता, म्हणजे पाणी कुठेतरी गळत होतं.

"इतकं तं चालते," सेवादास म्हणाला. "वरून कोबा झाला हाय. कोणाले दिसते?"

दुसरा कुणी असता तर चाललं असतं. मी स्वतः असतो तर चालवून घेतलं असतं. कपिलनं छिन्नी-हातोडा घेतला आणि सगळी फरशी फोडली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातला एक जोड सापडला, थेंब थेंब गळत होता. जोड त्याच्याच हातचा होता. तो बदलला, परत दाब लावला, परत कोबा केला, परत पाणी मारत बसले. मुहूर्त टळून गेला. पुढचा काढला, तोही ओल्या फरशीवरून निघून गेला.

डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपासची गोष्ट. सकाळी दुकान उघडून मी अगरबत्ती लावत होतो, तेवढ्यात कपिल आला. मी त्याला इतक्या आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "भाऊ, काल मशीन चालू केली. चार घंटे लागले तापाले, पण फरशी तीसवर आली अन् तिथंच थांबली. बंद केली तरी सकाळपर्यंत कोमट. मी खाली झोपून पायलं. आता एक नळ द्या चांगला, रविवारी सामान हलवतो."

मी नळ काढून दिला. आणि माझी नजर गेली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मला कुणी विचारलं नव्हतं. कॅलेंडर बघून दुसऱ्याला सांगायची मला हौस आहे, एकादशी कधी, अमावस्या किती वाजेपर्यंत, गावात अर्धे लोक मलाच फोन करून विचारतात, आणि मला त्यात मोठेपणा वाटतो.

"अबे, रविवारपासून तं पौष लागते," मी म्हटलं. "पौषात कोणी नव्या घरात पाय ठेवते का?"

त्यानं नळ काउंटरवर ठेवला. "पौष कधी सरते?"

"महिना. माघात कर ना. गणेश जयंतीले कर, कळंबच्या चिंतामणीची जत्रा असते, त्याच्यासारखा दिवस नाही. दूध उतू घाल, वास्तू कर, सगळं रीतीनं." आणि मग मी ते म्हटलं. "एवढे दिवस थांबला, आता एका महिन्यानं काय होते?"

हेच ते माझं वाक्य. तेव्हा बोलताना मला काहीही वाटलं नाही, मी नळाचं बिल फाडत होतो.

कपिल काही देव-देव करणारा माणूस नाही. मला वाटलं होतं, हसेल आणि जाईल. तो हसला नाही. "बरोबर हाय," तो म्हणाला. "एक डाव रक्त न पाहता लगन केलं मी, भाऊ. त्याची सजा पोट्टी भोगून राह्यली. आता तिच्या बाबतीत मी काईच न पाहता करत नाही." असं बोलून तो गेला. मला उलट बरं वाटलं, की आपण वेळेवर सांगितलं.

त्या महिन्यात त्यांनी एक मधला मार्ग काढला. नव्या घरात स्वयंपाक नाही, झोपणं नाही, सामान नाही. दिवसा जाऊन बसायला हरकत नाही. समीक्षा शाळा सुटली की दप्तर घेऊन तिकडे जायची, आणि अंधार पडायच्या आत बाप तिला मोटरसायकलवर बसवून टिनाच्या घरी आणायचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मोरीची जाळी द्यायला गेलो होतो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं.

बाहेर उघड्या विटांचं घर, गेट नाही, काही नाही. आतल्या खोलीचा दरवाजा ढकलला आणि मी चप्पल काढून आत पाय ठेवला. काय सांगू. कोवळ्या उन्हात वाळत घातलेल्या गादीवर पाय ठेवावा तसं वाटलं. समीक्षा फरशीवरच पालथी पडून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. स्वेटर काढून बाजूला ठेवलेला, मोजे काढलेले. जानेवारीत तिचे उघडे पाय मी पहिल्यांदाच बघितले. इंदूबाई भिंतीला टेकून बसली होती.

"काका, हात लावून पहा," समीक्षा म्हणाली. मी फरशीला हात लावला. "माहे गुडघे दुखत नाहीत इथं. खरंच नाही दुखत."

कपिल दारात उभा होता. आपण केलेल्या कामाकडे माणूस बघतो तसा तो बघत होता, पण फरशीकडे नाही, तिच्या पायांकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं लपवलंही नाही. मला म्हणाला, "भाऊ, चौदा वर्षांत एकच गोष्ट मले तिच्यासाठी जमली."

बोलता बोलता पोरगी तशीच झोपली, खडू हातात. गाल गुलाबी झाले होते. बाहेर ऊन उतरलं आणि वारा सुटला. कपिलनं घड्याळ पाहिलं, वाकून तिच्या खांद्याला हात लावला. "समी, ऊठ. जाऊ घरी."

"पप्पा, थोडंसं."

"ऊठ, बेटा. अंधार पडते."

इंदूबाई एकदम भडकली. "कायले उठवतो तिले? झोपली तं झोपू दे. पौष गेला चुलीत. मी झोपतो तिच्यापाशी. काय व्हायचं ते मले होऊ दे, मी जगली माही."

"माय, पंधरा दिवस राह्यले फक्त."

"त्या टिनात पंधरा दिवस काढून पहा तू उघडा."

मोठी माणसं रीत सोडायला तयार नसतात असं आपण म्हणतो. इथे म्हातारी सोडायला तयार होती आणि बर्फाळ देशाचं यंत्र जुळवणारा माणूस तयार नव्हता. तो माझ्याकडे वळला. "तुमीच सांगा तिले, बबलूभाऊ. पौषात चालते का?"

मी त्या गरम फरशीवर अनवाणी उभा होतो. झोप म्हणावं तिला, एवढंच बोलायचं होतं. पण मीच कॅलेंडर बघून सांगितलेलं, आता माघार कशी घ्यायची? "पंधरा दिवस तं राह्यले, इंदूबाई," मी म्हटलं. "जातीन असेच."

समीक्षा उठली. एक एक मोजा चढवला, मग दुसरा जोड, स्वेटर, कानटोपी. बापाच्या मागे गाडीवर बसली आणि तोंड त्याच्या पाठीत खुपसलं. गाडी वळली तेव्हा तिनं मला हात केला.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी थंडीची लाट आली. टिनाच्या घरात पहाटे पाण्याच्या हंड्यात हात घालवत नव्हता. पोरीला आधी पायात दुखलं, मग पाठीत, मग छातीत भरलं. उज्ज्वलानं जीप बोलावली आणि तिला यवतमाळला नेलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, त्यांनी करायचं ते सगळं केलं. मी रोज फोन करत होतो. कपिल सांगायचा, "श्वास जोरात चालू हाय, भाऊ," किंवा, "आज दोन शब्द बोलली." मी देवाला नवस बोललो. मी कधी नवस बोलत नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पौष संपायला पाच-सहा दिवस होते. नव्या घराची एक चावी त्यानं माझ्या दुकानात ठेवलेली होती.

"बबलूभाऊ, चावी तुमच्यापाशी हाय ना? घर उघडा. मशीन चालू करा. डाव्या हाताचा निळा खटका, मग वरचा."

"काहून रे?"

"समीले आणून राह्यलो. तिकडंच आणतो." आणि फोन ठेवला.

मी काय समजलो असेन ते सांगायलाच हवं. मला वाटलं, पोरगी बरी झाली. सुट्टी मिळाली, आणि या माणसाला शेवटी अक्कल आली. मी एकटाच दुकानात मोठ्यानं बोललो, "शाबास, कपल्या." शटर अर्धं ओढलं, गाडी काढली, घर उघडलं, निळा खटका दाबला, मग वरचा. मशीन घरघरलं. फरशी अजून गार होती. मी स्वतः झाडू मारला. मग आठवलं, रीतसर नाही तर नाही, निदान दूध उतू घालू. परत चौकात जाऊन दुधाच्या दोन पिशव्या आणल्या, घरून लहान सिलिंडर आणि पातेलं उचललं. बायकोनं विचारलं तर म्हटलं, "समी घरी येऊन राह्यली." तीही खूश झाली, तिनं भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी डब्यात दिली.

दुपारी एकच्या सुमाराला गाडी आली. पांढरी, मागून उघडणारी. मी दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभा होतो. आधी उज्ज्वला उतरली, तिला दोन बायांनी धरलं होतं. मग मागचं दार उघडलं आणि कपिलनं पोरीला हातांवर घेतलं. तिच्या पायांत मोजे नव्हते.

माझ्या बाजूनं तो आत गेला. मी बाजूला झालो की नाही, मला आठवत नाही. त्यानं तिला आतल्या खोलीत फरशीवर ठेवलं, खाली चटई नाही, चादर नाही. इंदूबाई रिक्षातून उतरून मागोमाग आली, तिनं नातीच्या पायांना हात लावला. "गार पडली वं माय," ती म्हणाली. "गार पडली माही पोट्टी." कपिलनं फरशीवर तळवा टेकला, मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे पाहिलं. "सव्वीस," तो म्हणाला. "अजून तापते."

लेआउटमधली माणसं जमली. त्यातला एक जण माझ्या शेजारी उभा राहून कुजबुजला, "नव्या घरात कोणी मयत आणते का? अन् तेही पौषात." मी त्याची कॉलर धरली. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो माणूस निघून गेला, पण त्याचा काय दोष होता? तो माझंच वाक्य मला परत ऐकवत होता.

मग म्हातारी माणसं म्हणू लागली की वेळ झाली, दिवस लहान आहे, उजेडात आटोपलं पाहिजे. कपिल मांडी घालून तिच्या उशाशी बसला होता, एक हात फरशीवर. "थोडं थांबा," तो म्हणाला. ते पुन्हा म्हणाले. मी दारात आडवा उभा राहिलो आणि सांगितलं, कुणी आत पाऊल टाकायचं नाही. त्या घरासाठी मी एवढंच केलं.

तीसच्या रेघेला काटा लागायला पाऊण तास लागला. खोली तिच्यासाठी बांधली होती तशी झाली. कपिलनं वाकून तिच्या दोन्ही पायांखाली हात घातले. मग म्हणाला, "उचला आता." उज्ज्वलाची नजर तेव्हा माझ्या हातातल्या दुधाच्या पिशवीवर गेली. तिनं विचारलं, "दूध कायले आणलं, भाऊजी?" मी पिशवी पाठीमागे धरली.

ती माणसं अजून टिनाच्या घरातच राहतात. नवं घर बंद आहे. फेब्रुवारीत आर्णीकडचा एक माणूस माझ्याकडे पत्ता विचारत आला होता, त्याच्या मुलाला तोच आजार, त्यानं खोलीबद्दल ऐकलं होतं. मी त्याला कपिलकडे घेऊन गेलो. मनात थोडी आशा होती माझ्या, की निदान दुसऱ्याच्या पोराला तरी. कपिलनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माह्यानं होत नाही आता." तो माणूस हात जोडून उभा होता. कपिल आत निघून गेला.

मला तो एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. कॅलेंडर मी भिंतीवरून काढलं, लोक विचारायला आले की माहीत नाही म्हणतो.

परवा आमचा फ्रिज बंद पडला. बायकोनंच त्याला फोन केला, मी केला नसता. तो आला, मागचं झाकण उघडलं, अर्ध्या तासात काम केलं, हत्यारं पिशवीत भरली. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसलो. इतक्या वर्षांत मी कधी स्वतःहून विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. "काय बिघडलं होतं रे?"

"चालू झाला ना, भाऊ," तो म्हणाला, आणि पिशवी उचलून गेला.